संमतिपत्रावरची सही

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘घराबाहेर’ हा विषय दिला. घराबाहेर पडणाऱ्यांबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिलं जातं, त्यांना पाठवणाऱ्यांबद्दल कमी. म्हणून स्काउट-गाइडच्या शिबिरांकडे पाहताना नजर पालकांवर ठेवली, त्यातही नाखूश पालकांवर. दिवाळीची सुट्टी संपून शाळेचं दुसरं सत्र सुरू झालं की महाराष्ट्रात गावोगावी मुलांच्या दप्तरातून एक कागद घरी येतो. शिबिराच्या तारखा, ठिकाण, वर्गणी आणि सोबत आणायच्या वस्तूंची यादी : अंथरूण-पांघरूण, ताट-वाटी-पेला, टॉर्च, दोरी, काठी, गणवेश, स्कार्फ. सगळ्यात खाली पालकांच्या सहीसाठी एक रेघ. ही सही फार थोड्या घरांत सहज होते. कागद फ्रिजवर चिकटवला जातो, आजी-आजोबांचा कौल घेतला जातो, इतर मुलांच्या आयांना फोन होतात, ‘तुमचा जाणार आहे का?’ असं विचारलं जातं. शेवटच्या दिवशी, मुलाने तोंड पाडलं म्हणून, सही होते.

शिबिराआधीच्या पालकसभेत कोणते प्रश्न येतात ते नीट ऐकण्यासारखं असतं. अंघोळीला गरम पाणी मिळेल का? रात्री थंडी वाजली तर? आमची मुलगी वांगं खात नाही. फोन का चालत नाही? एकदा संध्याकाळी येऊन बघून गेलं तर चालेल का? हे सगळे प्रश्न मायेचे आहेत आणि त्यांना उत्तरं मिळायलाच हवीत. पण त्याच सभेत सहसा न विचारलेले प्रश्नही असतात. शिबिराच्या जागेजवळ तळं, नदी किंवा विहीर आहे का? मुलांना नेणारी गाडी कोणाची आणि तीत किती जण बसणार? रात्री तंबूंच्या आसपास कोणती मोठी माणसं असतील? सगळ्यात जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर आहे?

या लेखातलं म्हणणं एवढंच आहे : पालकाची नाखुशी मुळात योग्य आहे, पण ती चुकीच्या जागी खर्च होते. थंडी, जेवण, धूळ आणि रडू यांच्या काळजीत ती संपून जाते. पाणी, ऊन, प्रवास आणि मोठ्यांचं वागणं यांच्याबद्दल विचारायला उरत नाही. शिबिराच्या दिवसांत पालक तिथे नसणं हा शिबिराच्या पद्धतीचाच भाग आहे. पण शिबिराच्या आधी पालकाने कठोरपणे प्रश्न विचारणं हासुद्धा त्याच पद्धतीचा भाग व्हायला हवा. आज आपल्याकडे नेमकं उलटं घडतं. सहीपूर्वी संकोच आणि सहीनंतर लुडबुड.

संघ नावाचं छोटं घर

शिबिराची पहिली दुपार बाहेरून पाहणाऱ्याला गोंधळाची वाटते. मैदानावर तंबूंची कापडं पसरलेली असतात, कोणाच्या तरी खुंट्या कमी पडलेल्या असतात, शिट्ट्या वाजत असतात आणि प्रत्येक शिटीचा अर्थ वेगळा असतो. त्या गोंधळात एक रचना आहे, आणि ती लक्षात आल्याशिवाय शिबिर कळत नाही. मुलं शिबिरात शाळेची तुकडी म्हणून राहत नाहीत, संघ म्हणून राहतात. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्यांच्यातलंच एक मूल संघनायक, दुसरं त्याचं साहाय्यक. तंबू संघाचा, चूल संघाची, झाडलोटीची जागा संघाची. सकाळच्या तपासणीत गुण मिळतात तेही संघालाच. एकाचं अंथरूण विस्कटलेलं असेल तर सगळ्यांचे गुण जातात, म्हणून अंथरुणाची घडी कशी घालायची हे आठवीतला मुलगा सहावीतल्याला शिकवतो. स्काउट मास्टर किंवा गाइड कॅप्टन यांचं मुख्य काम संघनायकाशी बोलणं हे असतं. बाकीच्यांपर्यंत सूचना त्या मुलाने किंवा मुलीने पोचवायची.

ही कल्पना चळवळीच्या पहिल्या शिबिराइतकीच जुनी आहे. ऑगस्ट १९०७ मध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांना नेलं. काही मुलं ईटन-हॅरोसारख्या उच्चभ्रू शाळांतली होती, काही पूल आणि बोर्नमथ या गावांतल्या सामान्य घरांतली. त्यांचे चार संघ पाडले, प्रत्येकाला प्राण्याचं किंवा पक्ष्याचं नाव दिलं, आणि संघातलाच एक मुलगा प्रमुख नेमला. त्या काळच्या इंग्लंडमध्ये वर्गभेद कडक होता. तिथे वेगवेगळ्या थरांतली मुलं एका चुलीवर स्वयंपाक करतात, एका तंबूत झोपतात, ही त्या प्रयोगातली महत्त्वाची गोष्ट होती. पुढच्या वर्षी बेडन-पॉवेल यांचं ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ पाक्षिक हप्त्यांनी प्रसिद्ध झालं. ते विकत घेऊन मुलांनी आपापले संघ स्वतःच काढले. मोठ्यांची संघटना मागाहून आली.

मूल संघात गेलं की त्याचं घरातलं स्थान बदलतं, हे नाखूश पालकाने समजून घ्यायला हवं. घरात ते धाकटं किंवा एकुलतं एक असतं; त्याच्यासाठी कामं केली जातात. संघात त्याच्यावाचून काम अडतं. पाणी आणायची पाळी त्याची असेल आणि ते आलं नाही, तर खिचडी उशिरा शिजते आणि आठ जण उपाशी बसतात. स्वतःच्या चुकीचा परिणाम दुसऱ्यांवर होतो, आणि ती चूक अर्ध्या तासात दुरुस्तही करता येते, असा अनुभव देणारी जागा शहरातल्या बालपणात फार कमी उरली आहे. शाळेतल्या चुकीला गुण कापले जातात, घरातल्या चुकीवर आईवडील पांघरूण घालतात. शिबिरातल्या चुकीचं काय करायचं ते संघ आपसांत ठरवतो.

काठी, दोरी आणि सैल पडलेली गाठ

पालक जवळ असला तर काय बिघडतं, हे पाहायचं असेल तर गॅजेट बांधणाऱ्या संघाजवळ थांबावं. शिबिरात टेबल-खुर्ची-कपाट नसतं. काठ्या आणि दोरी यांतून मुलं ती सोय करतात. चपला-बूट ठेवायची मांडणी, ताटं निथळायला ठेवायचं ताटाळं, हात धुण्यासाठी तीन काठ्यांची तिवई आणि तिच्यावर घमेलं. याला गॅजेट म्हणतात. दोन काठ्या काटकोनात बांधायच्या तर आधी उभ्या काठीवर क्लोव्ह हिचची गाठ मारतात. मग आडवी काठी तिच्यावर टेकवून दोरी एकीच्या पुढून, दुसरीच्या मागून अशी फिरवतात. असे तीन फेरे झाले की दोरी दोन काठ्यांच्या मधल्या फटीतून घेऊन आधीच्याच फेऱ्यांवर आवळतात. हे आवळफेरे दोन-तीन वेळा घेऊन शेवट पुन्हा क्लोव्ह हिचने करतात. सगळी ताकद या आवळफेऱ्यांत असते. ते सैल राहिले तर गाठ दिसायला सुबक दिसते, पण बूट ठेवताक्षणी मांडणी कलते.

पहिल्या दिवशी बहुतेक मांडण्या कलतात. मुलं त्या सोडतात, भांडतात, दोरी एकाने ओढून धरायची आणि दुसऱ्याने फिरवायची असं ठरवतात, आणि पुन्हा बांधतात. अनुभवी स्काउट मास्टर या वेळी हात मागे बांधून उभा असतो. फार तर ‘आवळफेरे बघ’ एवढं म्हणतो. भेटीला आलेला पालक मात्र क्षणभरही थांबत नाही. तो पुढे होतो, दोरी हातात घेतो आणि मांडणी बांधून देतो. त्यात त्याचं प्रेम असतं आणि घाईही असते. मांडणी उभी राहते, पण ती त्या संघाची राहत नाही. संघनायकाचा शब्द इतर मुलांसमोर तिथेच हलका होतो, कारण अडलं तर मोठं कोणी येतं हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणूनच बहुतेक शिबिरं पालकांना शेवटच्या संध्याकाळी, शेकोटीच्या कार्यक्रमाला बोलावतात. तोवर चुका करून झालेल्या असतात, दुरुस्तीही झालेली असते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. अमेरिकेत लहान वयाच्या कब स्काउटांची शिबिरं कुटुंबासह होतात, आईवडील सोबत राहतात; मग आपल्याकडेच हा सोवळेपणा का? उत्तर वयात आहे. भारत स्काउट्स अँड गाइड्सच्या रचनेत पाच ते दहा वर्षांची मुलं कब आणि मुली बुलबुल असतात. त्या वयात मूल पालकाच्या सोबतीने बाहेर राहायला शिकतं आणि तिथे पालकांनी येणं उपयोगाचंच आहे. दहा वर्षांनंतर स्काउट-गाइड सुरू होतं, आणि तिथे पद्धतीचा पायाच समवयस्कांचा संघ हा आहे. एकाच नियमाने दोन्ही वयांना बांधलं की लहानांवर अन्याय होतो आणि मोठ्यांचं शिबिर निष्फळ होतं.

घरच्या आठवणीचं काय करायचं

पालकाला सर्वांत जास्त छळतं ते मुलाचं रात्रीचं रडू. ‘माझा मुलगा रडेल’ या भीतीपोटी किती सह्या अडतात याची मोजदाद कोणी ठेवत नाही, पण पालकसभेत ही भीती लपत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर थर्बर यांनी उन्हाळी शिबिरांतल्या मुलांच्या घरओढीचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांनी आणि एडवर्ड वॉल्टन यांनी २००७ मध्ये बालरोगतज्ज्ञांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनपर लेखाचा सूर धीर देणारा आहे. घरापासून दूर गेलेल्या जवळपास प्रत्येक मुलाला थोडीफार घरओढ वाटते. ती सौम्य असते तेव्हा तिला आजार मानायचं कारण नाही. त्रास तीव्र होतो तो थोड्या मुलांना, आणि त्यांच्या बाबतीत आधीच्या तयारीने फरक पडतो.

ही तयारी कशी करायची याचे त्यांचे सल्ले मराठी घरालाही लागू पडतात. जायचं की नाही या निर्णयात मुलाचा सहभाग असावा. आधी मामाकडे, आत्याकडे, मित्राकडे एक-दोन रात्री आईवडिलांशिवाय राहण्याची सवय असावी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ‘नाही आवडलं तर फोन कर, मी लगेच न्यायला येतो’ असं वचन मुलाला देऊ नये. हे वचन आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात दिलं जातं, आणि ते देणाऱ्याला वाटतं की आपण धीर देतोय. मुलाला त्यातून ऐकू येतं ते वेगळंच : तुला हे जमणार नाही असं आईबाबांनाही वाटतंय. पहिल्याच रात्री कसंतरी वाटलं की ते वचन आठवतं, आणि सावरण्यासाठी लागणारा एक दिवससुद्धा ते मूल स्वतःला देत नाही.

जुन्या महाराष्ट्रात ही सवय वेगळ्या वाटेने लागायची. मुलं उन्हाळ्यात आजोळी महिना-महिना राहत, शिक्षणासाठी वार लावून जेवत, वसतिगृहात वाढत. त्या काळाचे गोडवे गायचं कारण नाही. त्यात उपासमार होती, मारझोडही होती. पण घर सोडून राहण्याचे छोटे प्रसंग आयुष्यात आपोआप येत. आता घरं लहान झाली, आजोळ त्याच शहरात आलं, सुट्टी क्लासने भरली. आपोआप येणारा प्रसंग आता कोणीतरी आखून द्यावा लागतो. शिबिराचं आजचं महत्त्व इथे आहे.

भीती जिथे असायला हवी

आता नाखूश पालकाची बाजू घ्यायची वेळ आहे, कारण ती बाजू भक्कम आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि १२ मुलं व २ शिक्षिका दगावल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हतं. या दोन्ही सहली होत्या, स्काउटांची शिबिरं नव्हेत. पण सहीची रेघ असलेला कागद घेऊन बसलेल्या आईच्या मनात हा फरक नसतो, आणि नसावाच. दोन्ही ठिकाणी धोका पाण्याचा होता. तो आधी विचारता आला असता.

स्काउट चळवळही अशा निष्काळजीपणापासून मुक्त नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या सेमांगम इथे जागतिक स्काउट जांबोरी भरली. दीडशेहून जास्त देशांतले सुमारे ४३,००० जण आले होते. जागा समुद्र हटवून तयार केलेल्या सपाट जमिनीची. सावलीला झाडं नाहीत, पाण्याचा निचरा धड नाही, स्वच्छतागृहं अपुरी आणि घाण, डास भरपूर, आणि वर उष्णतेची लाट. शेकडो मुलांना उन्हाचा त्रास झाला. साडेचार हजारांच्या आसपास असलेलं ब्रिटिश पथक छावणी सोडून हॉटेलांत गेलं, अमेरिकेचं पथकही निघालं, आणि शेवटी येणाऱ्या चक्रीवादळामुळे उरलेल्या सगळ्यांना तिथून हलवावं लागलं. ‘तयार राहा’ हे ज्या चळवळीचं ब्रीद, तिच्या सर्वांत मोठ्या मेळाव्यात मोठ्यांचीच तयारी कमी पडली. ऑगस्टमध्ये, झाडं नसलेल्या त्या जमिनीवर मुलं राहणार कशी, हा प्रश्न वर्षभर आधी विचारता येण्याजोगा होता.

याहून कडू गोष्ट अमेरिकेतली आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका या संघटनेने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. बालपणी स्काउटमधल्या मोठ्यांकडून लैंगिक अत्याचार झाल्याचे ८२,०००हून अधिक दावे त्या प्रक्रियेत दाखल झाले. धोकादायक ठरलेल्या स्वयंसेवकांच्या फायली संघटना कित्येक दशकं स्वतःजवळ ठेवत होती. पालकांना त्यांचा पत्ता नव्हता. तिथे जो नियम रुजला तो आपल्या प्रत्येक शाळेच्या नोटीस बोर्डावर लावावा असा आहे : कोणतंही मोठं माणूस कोणत्याही मुलासोबत एकटं असणार नाही, कायम किमान दोन मोठे हवेत आणि सगळं इतरांच्या नजरेच्या टप्प्यात हवं. आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा आहे आणि अशा गुन्ह्याची माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हासुद्धा त्यात गुन्हा आहे. पण कायदा घडून गेल्यावर धावतो. दोन मोठ्यांचा नियम आधी रोखतो, आणि त्याला पैसा लागत नाही.

कोणी म्हणेल, असे प्रश्न विचारले तर शिक्षक दुखावतील. आधीच ते पदरचे पैसे घालून, सुट्टी मोडून हे काम करतात. हे खरं आहे. जनगणना, निवडणूक, ऑनलाइन माहिती भरणं यातून वेळ काढून पथक चालवणारा शिक्षक कौतुकालाच पात्र आहे. पण चांगल्या स्काउट मास्टरला या प्रश्नांची उत्तरं पाठ असतात. त्याने बेसिक आणि ॲडव्हान्स्ड प्रशिक्षण घेतलेलं असतं, कदाचित हिमालय वुड बॅजचे लाकडी मणी गळ्यात असतात, आणि जागा पाहताना त्याने पाणी, साप, वीज, दवाखाना हे सगळं टिपून ठेवलेलं असतं. त्याला कोणी विचारलं तर आनंदच होतो. प्रश्नाने अडचण होते ती तयारी न केलेल्याची, आणि ती व्हायलाच हवी.

मुलींच्या घरी

मुलीच्या संमतिपत्रावरची सही मुलाच्या सहीहून उशिरा होते. इथे नाखुशीला अनेक पदर असतात : अंघोळीची जागा, स्वच्छतागृह, पाळी, रात्र, आणि ‘लोक काय म्हणतील’. पहिल्या चार गोष्टींना व्यवस्थेने उत्तर देता येतं. गाइडच्या पथकाला स्त्री कॅप्टन असते. अंघोळीला आडोसा आणि पुरेसं पाणी, पॅड टाकायला झाकणाची बादली, रात्री स्वच्छतागृहापर्यंत दिवा आणि दोघींनी मिळून जायचा नियम, एवढं केलं तर आयांची निम्मी काळजी मिटते. ज्या शिबिरात एवढं नसेल तिथे आईने सही न करणं बरोबरच आहे. पाचव्या कारणाला मात्र उत्तर द्यायची गरज नाही. ते मुलीच्या हिताचं कारणच नव्हे.

मुलींना या चळवळीत कोणी बोलावून घेतलं नव्हतं, हे अशा वेळी आठवावं. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला मुलांचा मेळावा भरला तेव्हा काही मुली स्वतःहून गणवेशासारखे कपडे घालून तिथे दाखल झाल्या आणि आम्हालाही हे हवं म्हणाल्या. त्यातून गाइडची वेगळी संघटना उभी राहिली, आणि १९११ मध्येच ती जबलपूरला पोचली. आज गाइडच्या जागतिक संघटनेचं ‘संगम’ हे जागतिक केंद्र पुण्यात आळंदी रस्त्यावर आहे. १९६६ पासून देशोदेशींच्या मुली तिथे येऊन राहतात. परदेशी मुलीचे आईवडील तिला पुण्यात पाठवतात आणि पुण्यातल्या मुलीला शेजारच्या तालुक्यात पाठवायला घर तयार होत नाही, ही विसंगती गाइड कॅप्टनांनी पालकसभेत मोकळेपणाने मांडायला हवी.

कवायत, वर्गणी आणि प्रमाणपत्र

आणखी तीन आक्षेप आहेत. पहिला : ही इंग्रज सेनानीने काढलेली, कवायतीची, आज्ञा पाळायला शिकवणारी चळवळ, मुक्त विचाराच्या घरातल्या मुलाला तिथे का पाठवावं? संचलन दिसतं, म्हणून हा आक्षेप सुचतो. पण इतिहास पाहिला तर उलटी बाजूही दिसते. १९०९ मध्ये बंगळूरला पहिलं पथक निघालं तेव्हा ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतं होतं. हिंदी मुलांना दार बंद होतं. ॲनी बेझंट यांनी मद्रासकडे, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादेत आपल्या मुलांसाठी स्वतंत्र स्काउट संघटना काढल्या, त्या या बंद दाराला उत्तर म्हणून. नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश असलेले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले विवियन बोस यांनी मध्य प्रांतात वर्षानुवर्षं स्काउटचं काम केलं. ७ नोव्हेंबर १९५० ला वेगवेगळे प्रवाह एकत्र येऊन भारत स्काउट्स अँड गाइड्स झाली, पुढच्या वर्षी गाइडही तिच्यात आल्या. नागरिक म्हणून उभं राहण्याची संधी आपल्या मुलांना मिळावी, एवढंच या सगळ्यांना हवं होतं. आजही शिबिरातली सर्वांत महत्त्वाची घटना संचलनाच्या वेळी घडत नाही. दुपारी संघनायक एकत्र बसतात, कोणत्या संघाला लाकडं कमी पडली, कोणाशी कोण वाईट वागलं, उद्याची पाळी कोणाची हे ठरवतात, तेव्हा ती घडते. ही बैठक ज्या शिबिरात होत नाही, तिथे मात्र हा आक्षेप खरा ठरतो.

दुसरा आक्षेप : हे सगळं मध्यमवर्गीय कौतुक आहे. शेतमजुराची मुलगी रोजच चूल पेटवते, पाणी भरते. तिला शिबिर काय देणार? देण्यासारखं पुष्कळ आहे. घरी जे काम बिनमोलाचं असतं त्याला शिबिरात मान असतो. ओली लाकडं असताना चूल कशी पेटवायची, वांगं निखाऱ्यावर कुठे ठेवलं म्हणजे आतपर्यंत भाजतं पण जळत नाही, हे तिला येतं आणि शहरी शाळेतल्या मुलीला येत नाही. भांड्याविना स्वयंपाकाच्या स्पर्धेत ती आपोआप शिकवणारी होते. २०१६ मध्ये एडिंबरा आणि ग्लासगो विद्यापीठांच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ब्रिटनमध्ये १९५८ साली जन्मलेल्या सुमारे दहा हजार माणसांच्या आयुष्यभराच्या नोंदी त्यांनी तपासल्या. लहानपणी स्काउट-गाइडमध्ये असलेल्यांना पन्नाशीत चिंता आणि नैराश्यासारखे विकार असण्याची शक्यता सुमारे १५ टक्क्यांनी कमी आढळली, आणि गरीब-श्रीमंतांमधली मानसिक आरोग्याची दरी त्यांच्यात अरुंद दिसली. असा अभ्यास कार्यकारण सिद्ध करत नाही. मुळात सुखी घरातली मुलंच स्काउटला गेली असतील अशी शंका घेता येते, जरी संशोधकांनी घरची परिस्थिती हिशोबात धरली असली तरी. पण दरी अरुंद होण्याचा निष्कर्ष या आक्षेपाला थेट उत्तर देतो. ज्यांच्या घरी कमी आहे त्यांना शिबिरातून जास्त मिळत असावं. तेव्हा वर्गणीअभावी कोणी मागे राहत असेल तर ती पथकाने ‘खरी कमाई’तून, म्हणजे मुलांनी कामं करून मिळवलेल्या पैशांतून, आणि गावाने देणगीतून भरावी. गरीब मुलाला वगळून केलेलं शिबिर संघाची कल्पनाच मोडतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात टोचणारा आहे, कारण तो आतून येतो. राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार आणि दहावीचे सवलतीचे गुण यांच्यासाठी कागदोपत्री पथकं चालतात. शिबिर म्हणजे फोटो आणि प्रमाणपत्र. हे नाकारण्यात अर्थ नाही. २०२४-२५ साठी सरकारी शाळांच्या मोफत गणवेशांपैकी एक स्काउट-गाइडचा ठेवायचं ठरलं, तेव्हा गणवेश पुष्कळ मुलांपर्यंत नेण्याचा विचार झाला; तंबू, दोऱ्या, प्रशिक्षित शिक्षक आणि शिबिराचा खर्च यांचा तितका झाला नाही. गणवेश अंगावर आला म्हणजे स्काउट झालं असं होत नाही. यावरही उतारा पालकच आहे. मूल घरी आल्यावर त्याला दोन काठ्या बांधून दाखव म्हणावं, रोजची पाळी कोणी लावली ते विचारावं. खोटं शिबिर या दोन प्रश्नांत उघडं पडतं.

सही करण्यापूर्वी आणि केल्यानंतर

नाखूश पालकाकडून मागणं एवढंच आहे की त्याने नाखुशी सोडू नये, तिला कामाला लावावं. संमतिपत्र आल्यावर पाच गोष्टी लेखी मागाव्यात : जागेजवळचं पाणी आणि तिथे जाण्याबद्दलचा नियम, वाहनाची आणि चालकाची माहिती, रात्रीसह प्रत्येक वेळी हजर असणारे किमान दोन मोठे कोण, जवळचं रुग्णालय आणि तिथे जायची गाडी, आणि जबाबदार शिक्षकाचं प्रशिक्षण. मुलाचा दमा, ॲलर्जी, औषधं यांची माहिती आपणही लेखी द्यावी. उत्तरं मिळाली नाहीत तर सही करू नये, आणि हे न चिडता, कारण सांगून करावं. एका वर्गातल्या दहा पालकांनी असं विचारलं तर पुढच्या वर्षीचं संमतिपत्रच बदलेल.

उत्तरं समाधानकारक असली, तर मात्र सही मनापासून करावी आणि मागे व्हावं. न्यायला येण्याचं वचन देऊ नये. मुलाची पिशवी त्याला स्वतः भरू द्यावी, म्हणजे टॉर्च कोणत्या कप्प्यात आहे ते अंधारात त्याला कळेल. शेकोटीला बोलावलं तर जरूर जावं, त्याच्या संघाने बांधलेली मांडणी बघावी आणि ती कलती असली तरी हात लावू नये. घरी आल्यावर ‘जेवलास का नीट?’ याच्या आधी ‘संघात तुझं काम काय होतं?’ हे विचारावं. शाळांनीही पालकांकडे अडथळा म्हणून पाहणं थांबवावं. जागा बघायला जाताना दोन पालकांना सोबत न्यावं, प्रथमोपचार जाणणाऱ्या आईला तयारीच्या बैठकीत बसवावं, आणि शिबिराच्या दिवसांत पालक का नकोत हे त्यांना स्पष्ट सांगावं. कारण कळलं की बहुतेक पालक ते मान्य करतात. आपल्या मुलांना घराबाहेर पाठवायलाच हवं. मात्र डोळे मिटून धाडणं आणि भीतीने अडवणं या दोन्ही सवयी सोडून, विचारून, पाहून आणि मग विश्वास टाकून पाठवणं ही मोठ्यांनी शिकायची गोष्ट आहे.